पेट्रोल भरलं की पिकअप उठत नाही: पर्ज व्हॉल्व्ह की आणखी काही?

फ्रिस्कोकर

नमस्कार मंडळी. मी टेक्सासात फ्रिस्कोला असतो. माझ्याकडे २०१५ चा पिकअप ट्रक आहे. पेट्रोलचा, व्ही-८, १ लाख ३८ हजार मैल झालेत. आठवडाभर कामाला आणि शनिवार-रविवार मंडळाच्या सामानाला हाच. गणपतीच्या मखराचं प्लायवुड, टेबलं, खुर्च्या, सगळं ह्याच्याच पाठीवर जातं, त्यामुळे जीव आहे गाडीवर.

गेले तीन महिने त्याला एक खोड लागलीय. एरवी किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. पण पंपावर टाकी भरली की आठ-दहा सेकंद स्टार्टर मारावा लागतो. मग कसाबसा उठतो, अर्धा मिनिट थरथरतो, पेट्रोलचा भपकारा येतो आणि नंतर काही झालंच नाही असा चालायला लागतो.

चेक इंजिनचा दिवा लागला तेव्हा पहिला कोड आला पी ०४५५, वाफेच्या यंत्रणेत मोठी गळती. सगळे म्हणाले टाकीचं झाकण बदल. बदललं, १८ डॉलर. दोन आठवड्यांनी दिवा परत, आणि आता जोडीला पी ०४९६. एका गॅरेजात नेला. त्यांनी बॉनेटसुद्धा न उघडता पर्ज व्हॉल्व्ह, व्हेंट व्हॉल्व्ह आणि कॅनिस्टर तिन्ही बदलायचे ९०० डॉलर सांगितले. महिनाअखेरीला एमिशन टेस्ट (प्रदूषण तपासणी) आहे.

प्रश्न एवढाच: नक्की काय बिघडलंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? पार्ट बदलायची तयारी आहे, पण अंदाजाने नाही.

दहाचाकी_कोल्हापूर

ट्रकचं नाव बघून धावत आलो. वीस वर्षं डिझेल गाड्या चालवतोय आणि पळवतोय, पर्ज व्हॉल्व्ह हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. हा असतो कुठं आणि करतो काय? जाणकारांनी जरा फोड करून सांगा.

मिशिगनवारी

भाऊ, तुमच्या दहाचाकीत तो नसणारच. डिझेल सहजासहजी उडत नाही, पेट्रोल मात्र टाकीत बसल्या बसल्या उडत राहतं. पूर्वी ती वाफ सरळ हवेत जायची. कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून आणि सगळ्या अमेरिकेने १९७१ पासून ती कोंडायला लावली. माझं रोजचं काम इंजिनच्या एमिशनचंच आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

टाकीतली वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात जाते. तोच कॅनिस्टर. आत सक्रिय कोळशाचे दाणे असतात, ते वाफ धरून ठेवतात. डब्याला टाकीखेरीज आणखी दोन वाटा आहेत. एक बाहेरच्या हवेकडे, तिथे व्हेंट व्हॉल्व्ह. वीज नसताना हा उघडा. दुसरी इंजिनकडे, तिथे पर्ज व्हॉल्व्ह. वीज नसताना हा बंद. इंजिन गरम झालं की कंप्युटर पर्ज व्हॉल्व्हला ठोके देत उघडतो. इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यांच्या) ओढीने बाहेरची हवा कोळशातून येते, धरलेली वाफ सोबत घेते आणि ती इंजिनात जळून जाते.

आता फ्रिस्कोकर, तुमची लक्षणं ह्यावर ठेवून बघा. टाकीत पेट्रोल ओतलं की तेवढीच वाफ बाहेर ढकलली जाते. १९९८ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नियमामुळे ती पंपावर न सोडता कॅनिस्टरमध्येच घेतात. त्या वेळी पर्ज व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तर तीच दाट वाफ मॅनिफोल्डमध्ये जाऊन बसते. मिश्रण इतकं दाट होतं की ठिणगी पडूनही पेट घेत नाही. म्हणून दहा सेकंद स्टार्टर, म्हणून भपकारा.

दोन कोड का आले, तेही ह्यातच आहे. पी ०४९६ म्हणजे व्हॉल्व्हला "बंद हो" सांगितलं असताना टाकीत ओढ तयार होतेय. पी ०४५५ मोठ्या गळतीचा. तुमच्या साली बऱ्याच गाड्या इंजिन बंद झाल्यावर यंत्रणा सील करून दाब बघतात. पर्ज व्हॉल्व्ह मिटत नसेल तर दाब मॅनिफोल्डमधून निसटतो आणि कंप्युटरला ती गळतीच वाटते. बाहेर कुठे भोक नसतंच. अशा वेळी झाकणाचे १८ डॉलर हमखास जातात.

तोवर पंपावर अडकलात तर अॅक्सिलरेटर तळाला दाबून स्टार्टर मारा. पेडल पूर्ण खाली असलं की कंप्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा आत जाते. इंजिनने पकडलं की लगेच पाय उचला.

शारजाकर

एवढा खल कशाला? ऑनलाइन ३० डॉलरला मिळतो. दोन नळ्या, एक कपलर, एक बोल्ट. बदल आणि मोकळा हो. नाही गेला कोड तर पुढचं बघू.

सई_सॅन_होजे

शारजाकर, मी अगदी हेच केलं होतं, म्हणून सांगते, नका करू. तीन वर्षांपूर्वी माझ्या छोट्या पिकअपला पी ०४४१ आला, म्हणजे पर्जचा प्रवाह चुकल्याचा कोड. ३० डॉलरचा व्हॉल्व्ह मागवला, लावला, कोड परत. दुसऱ्या कंपनीचा मागवला, कोड परत. शेवटी निघालं काय, तर पर्ज व्हॉल्व्हपासून मॅनिफोल्डकडे जाणारी रबरी कोपर-नळी खालच्या बाजूने उभी चिरलेली. वरून बघितलं तर नवी वाटावी अशी. दोन व्हॉल्व्ह आणि एक पूर्ण रविवार गेला, आणि बिघाड दहा डॉलरच्या नळीत.

तेव्हापासून मी आधी बोटाने बघते. इंजिन आयडलवर (रेस न देता) चालू ठेवायचं, व्हॉल्व्हची कॅनिस्टरच्या बाजूची नळी काढायची आणि त्या तोंडावर बोट धरायचं. ओढ लागली तर व्हॉल्व्ह गेला. ओढ नाही तर व्हॉल्व्ह नीट मिटतोय, पुढे शोधा. दहा सेकंदांचं काम.

मिशिगनवारी

सईताई, चाचणी उत्तम आहे पण एक दुरुस्ती हवी, नाहीतर चांगला व्हॉल्व्ह फेकला जाईल. इंजिन गरम असेल तर कंप्युटर आयडललाही पर्ज चालू ठेवतो. मग ओढ लागणारच आणि त्यात व्हॉल्व्हची काही चूक नाही.

म्हणून रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर करा आणि व्हॉल्व्हचं विजेचं कपलर आधी काढून ठेवा. कपलर काढलं की आज्ञा तुटली. तरीही बोटाला ओढ लागली तर व्हॉल्व्ह आतून मिटत नाही, ह्यात शंका उरत नाही. कपलर लावल्यावर ओढ आणि काढल्यावर बंद, असं थंड इंजिनवर झालं तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे. तार कुठेतरी बॉडीला लागतेय का ते बघा. हा फरक फार महत्त्वाचा आहे.

कपलर काढून इंजिन चालवलं तर पी ०४४३, म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या वीजजोडणीचा कोड, येऊ शकतो. घाबरू नका, तो तुम्हीच आणलेला आहे.

सई_सॅन_होजे

पटलं. माझी गाडी नेमकी सकाळी थंड असायची म्हणून मला हे कधी जाणवलंच नाही. कपलरचं लक्षात ठेवते.

गॅरेजवाले_नाना (सांगली)

पोरांनो, छान चाललंय. पस्तीस वर्षं हात काळे केलेत, दोन गोष्टी सांगतो.

पहिली. पुष्कळ मेकॅनिक व्हॉल्व्हला बॅटरीचा करंट देतात, "टक्" ऐकतात आणि "चांगला आहे" म्हणून परत बसवतात. टक् आवाज झाला म्हणजे कॉइल जिवंत आहे आणि आतली दांडी हलली. ती दांडी बैठकीवर घट्ट बसली का, हे त्या आवाजावरून कळत नाही. आत कचऱ्याचा एक कण अडकला तरी आवाज येतो आणि व्हॉल्व्ह गळतो. हातपंपाने व्हॅक्यूम लावून काटा धरून राहतो का बघायचं. काटा खाली आला की व्हॉल्व्ह बाद.

दुसरी, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. कचरा आला कुठून, हे विचारल्याशिवाय नवीन व्हॉल्व्ह लावू नका. आमच्याकडे पंपावर नॉझल आपोआप बंद झालं की पोरगा विचारतो, "साहेब, राउंड फिगर करू?" आणि मग टक्, टक्, टक् करत दोन हजार पुरे करतो. ते वरचं पेट्रोल टाकीच्या गळ्यातून वाफेच्या नळीत आणि तिथून कोळशाच्या डब्यात जातं. कोळसा वाफेसाठी आहे, ओल्या पेट्रोलसाठी नाही. दाणे भिजतात, फुटतात, डब्यातली जाळी सुटते आणि काळी कणी इंजिनच्या ओढीने व्हॉल्व्हपर्यंत पोचते. मी पंपावर उतरून उभा राहतो आणि पहिल्या टक्‌ला हात वर करतो. १,९६३ रुपये तर १,९६३.

फ्रिस्कोकर, तुम्ही टक् झाल्यावर वर भरता का?

फ्रिस्कोकर

नाना, भरतो. टाकी गच्च भरल्याशिवाय लांब निघायचं नाही, हे वडिलांनी शिकवलेलं. दर वेळी तीन-चार टक्.

काल घरी आल्यावर फोनला जोडायच्या ओबीडी प्लगवर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारा) आकडे काढले. टाकी निम्मी, इंजिन गरम, आयडलवर शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-कमी करतोय तो आकडा) अधिक १७. रेस धरून २,५०० वर नेलं तर अधिक ४. पण गेल्या रविवारी टाकी भरून निघालो होतो तेव्हा हाच आकडा उणे २२ होता. एकदा अधिक, एकदा उणे. एकाच बिघाडाने असं होईल का? की दोन वेगळे आजार आहेत?

मिशिगनवारी

एकच आजार. आकडे सुंदर काढलेत.

उघडा राहिलेला व्हॉल्व्ह म्हणजे मॅनिफोल्डला पडलेलं भोक. त्या भोकातून काय येतं ते कॅनिस्टरमध्ये काय आहे ह्यावर ठरतं. टाकी नुकतीच भरलेली, कोळसा वाफेने तुडुंब, तर भोकातून पेट्रोलची वाफ येणार. कंप्युटर पेट्रोल कमी करतो, आकडा उणे. चार दिवसांनी कोळसा रिकामा, तर त्याच भोकातून नुसती हवा येणार. कंप्युटर पेट्रोल वाढवतो, आकडा अधिक. रेस दिल्यावर इंजिन इतकी हवा ओढतं की त्या भोकातली हवा त्यापुढे किरकोळ ठरते, म्हणून १७ चा ४ होतो. इंजेक्टर किंवा पेट्रोलच्या दाबाची भानगड असती तर हा आकडा टाकी भरण्यावर असा उलटापालटा झाला नसता.

आता एक करा. आयडलवर आकडा अधिक १७ असताना कॅनिस्टरकडून येणारी नळी कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकी चेपा. नळी रबरी असेल तरच. कडक प्लॅस्टिकची असेल तर चेपू नका, तडकेल. आकडा खाली आला तर झालं.

एडमंटनची_वेणू

मध्येच एक काळजीची गोष्ट. ह्या नळ्यांच्या टोकाला प्लॅस्टिकची झटपट-जोडणी असते, बाजूला छोटी पट्टी दाबायची आणि मग ओढायचं. जुन्या गाडीत ती पट्टी बिस्किटासारखी तुटते. आमच्याकडे उणे २५ ला मी दोन तोडल्यात. आधी कोमट पाण्याचा फडका दोन मिनिटं धरा, नळी थोडी आत ढकला, पट्टी दाबा, मग ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

आणि हे सगळं मोकळ्या हवेत करा. गॅरेजचं दार बंद करून, वॉटर हीटरच्या शेजारी तर अजिबात नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि हीटरची ज्योत तिथेच असते.

शारजाकर

वेणू, धन्यवाद, हे मलाही माहीत नव्हतं. पण मूळ मुद्द्यावर मी अजून ठाम आहे. शेवटी व्हॉल्व्हच निघणार, बघा.

कोथरूडची_स्कूटर

मी इतका वेळ फक्त वाचत होते. माझ्या बीएस-६ स्कूटरलाही सीटखाली एक काळा डबा आहे, सर्व्हिसवाला त्याला कॅनिस्टर म्हणाला होता. तो हाच का? मी तर रोज राउंड फिगर करते!

गॅरेजवाले_नाना (सांगली)

तोच, धाकटा भाऊ. स्कूटरचा डबा तर ह्याच्या मानाने वाटीएवढा, त्यामुळे वरचं पेट्रोल सोसायची त्याची ताकदही तेवढीच. आजपासून राउंड फिगर बंद करा, ताई.

एडमंटनची_वेणू

डब्यावरून आठवलं. २०११ मध्ये माझ्दाने अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण काय, तर कोळी! पिवळा कोळी पेट्रोलच्या वासाने आकर्षित होऊन कॅनिस्टरच्या व्हेंट नळीत जाळं विणायचा. हवा आत यायची वाट बंद झाली की पर्ज चालू असताना टाकीत ओढ साचत जाते आणि टाकीला चीर पडू शकते. तेव्हा फ्रिस्कोकर, खाली वाकाल तेव्हा व्हेंटची बाजूही बघून घ्या. टेक्सासात धूळ आणि कोळी दोन्हींची कमी नाही.

ह्यूस्टनचा_पाऊस

टेस्टबद्दल लिहितो. १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासात खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणी गेली, पण १७ काउंट्यांमध्ये एमिशन टेस्ट आहे आणि तुमची कॉलिन काउंटी त्यात येते. दिवा लागलेला असला तर नापास.

सोपा उपाय सांगू का? टेस्टच्या आदल्या दिवशी कोड पुसा, दिवा जातो, टेस्ट देऊन या. माझे दोन मित्र असेच करतात.

सई_सॅन_होजे

नाही हो, असं नाही चालत. कोड पुसला की कंप्युटरच्या सगळ्याच स्वतपासण्या "अपूर्ण" होतात आणि टेस्टचं यंत्र नेमकं तेच वाचतं. २००१ नंतरच्या गाडीला तुमच्याकडे एकच अपूर्ण चालते. आमच्या कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या पेट्रोल गाडीला फक्त इव्हॅपची (ह्याच वाफेच्या यंत्रणेची) अपूर्ण चालते, बाकी सगळ्या पुऱ्या लागतात. आदल्या दिवशी पुसून गेलात तर दारातूनच परत पाठवतील.

आणि गाडी ठीक करायला बसलेल्या माणसाला दिवा लपवायचा सल्ला देऊ नये असं मला मनापासून वाटतं. ही वाफ आपल्याच मुलांच्या श्वासात जाते. डॅलसच्या उन्हाळ्यात ओझोनचे इशारे येतात, त्यात ह्या असल्या वाफेचाही हात असतो.

ह्यूस्टनचा_पाऊस

ताई, बरोबर आहे तुमचं. मागे घेतो. वॉरंटीचं तरी सांगतो: एमिशनच्या पार्टांना केंद्राच्या कायद्याने २ वर्षं किंवा २४,००० मैल वॉरंटी असते. ८ वर्षं किंवा ८०,००० मैल फक्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि कंप्युटरसारख्या मोठ्या पार्टांना. म्हणजे फ्रिस्कोकरांना खिशातूनच करावं लागणार.

फ्रिस्कोकर

मंडळी, आज सकाळी सहाला उठून केलं. क्रमाने सांगतो.

रात्रभर गाडी थंड. कपलर काढलं. वेणूताईंनी सांगितल्याप्रमाणे कोमट फडका धरला, पट्टी न तुटता नळी सुटली. इंजिन सुरू केलं, तोंडावर बोट धरलं. बोट चिकटलं! ओढ इतकी की सोडवताना "फट्" आवाज आला. वीज नाही, आज्ञा नाही, तरी ओढ. मग नळी परत लावून दहा मिनिटं गरम होऊ दिलं आणि रबरी भाग चेपला: अधिक १६ वरून अधिक ३, आणि थरथर त्याच क्षणी थांबली. मुलगा शेजारी उभा राहून फोनवरचे आकडे मोठ्याने वाचत होता, तोही ओरडला, "बाबा, शांत झाला!"

कॉइल मोजली, २३ ओहम. करंट दिल्यावर टक् आवाजही नीट. नाना, तुम्ही म्हणालात तसंच, टक् आवाज करणारा पण न मिटणारा व्हॉल्व्ह.

मग व्हॉल्व्ह उलटा करून तळहातावर आपटला. हातावर काळे दाणे पडले. सात-आठ. काही अख्खे, वाटाण्याच्या डाळीच्या तुकड्याएवढे, बाकी चुरा. बोटात चुरडले तर पेन्सिलच्या शिशासारखा डाग पडला आणि पेट्रोलचा वास आला. बराच वेळ ते हातावर घेऊन बघत बसलो होतो.

गॅरेजवाले_नाना (सांगली)

तो कॅनिस्टरचा कोळसा. डब्याची जाळी फुटलीय. आता नुसता व्हॉल्व्ह लावलात तर महिन्या-दोन महिन्यांत परत हेच. डबा बदला. आणि डबा आणि व्हॉल्व्ह ह्यांच्या मधली लांब नळी दोन्ही टोकांनी सोडवून साफ करा, तिच्यात अजून दाणे असणार. एका टोकाला पांढरं फडकं बांधा, दुसऱ्या टोकाने हळू हवा मारा. फडकं स्वच्छ येईपर्यंत.

मिशिगनवारी

नानांचं शब्दशः ऐका. फक्त हवा मारताना नळी दोन्हीकडून सुटलेली आहे ना, हे दोनदा बघा. टाकीला किंवा डब्याला जोडलेल्या यंत्रणेत कंप्रेसरची हवा कधीच मारायची नाही. ही यंत्रणा काही इंच पाण्याच्या दाबावर चालते. गळती शोधायला धूर सोडतात तोही जेमतेम एक पीएसआयच्या आत. कंप्रेसरचे ९० पीएसआय टाकीचं तोंड वाकडं करतील.

व्हेंट व्हॉल्व्ह मात्र तपासल्याशिवाय बदलू नका.

शारजाकर

म्हणजे व्हॉल्व्ह निघालाच. आणि गॅरेजवाल्याने कॅनिस्टरही सांगितला होता, तोही बरोबर निघाला. मग न तपासता त्याला जे कळलं ते आपण एवढा आठवडा तपासून शोधलं.

फ्रिस्कोकर

शारजाकर, तुमचा मुद्दा मी रात्री खूप विचारात घेतला. गॅरेजला तीनपैकी दोन पार्ट बरोबर सांगता आले हे खरं. पण तुमच्या सल्ल्याने मी फक्त ३० डॉलरचा व्हॉल्व्ह लावला असता तर नळीतल्या दाण्यांनी तो परत अडकला असता आणि मी सईताईंसारखा दुसरा मागवला असता. आणि गॅरेजच्या सल्ल्याने गेलो असतो तर चांगला व्हेंट व्हॉल्व्ह फेकून दिला असता. तो मी ऑफिसमधल्या मित्राचं मोठं स्कॅनर आणून तपासला: आज्ञा दिल्यावर मिटला, उघडायला सांगितल्यावर उघडला, जाळीवर फक्त धूळ होती. नळी साफ करायचं तर गॅरेजच्या कागदावर कुठेही नव्हतं.

जुना व्हॉल्व्ह असतानाच स्कॅनरवर एक बघितलं. इंजिन आयडलवर, पर्ज शून्य टक्के, व्हेंट बंद ठेवला. टाकीचा दाब मिनिटभरात उणे १० इंच पाण्यापर्यंत गेला. लगेच व्हेंट उघडला, टाकीतून हवा आत शिरतानाचा सुस्कारा ऐकू आला.

शारजाकर

नळीचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मान्य. मीही आता आधी बोट लावेन.

दहाचाकी_कोल्हापूर

ते दाणे वाचून अंगावर काटा आला राव. आमच्याकडं एअर ड्रायरचा मसाला फुटला की ब्रेकच्या लाइनीत असाच पांढरा चुरा येतो आणि आम्ही पण आधी नुसता व्हॉल्व्ह बदलतो. इंधन वेगळं, दुखणं सारखंच.

मिशिगनवारी

भाऊ, एकदम बरोबर जोडलंत. तोच प्रकार.

फ्रिस्कोकर

शेवटची हकीकत, म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर अर्धवट राहू नये.

कॅनिस्टर १६५ डॉलर, व्हॉल्व्ह गाडीच्या मूळ बनावटीचा घेतला, ४८ डॉलर. कॅनिस्टर ट्रकच्या पाठीच्या खाली, टाकीजवळ चौकटीला लावलेला असतो. चाकाखाली ठोकळे लावून, पाठीवर पडून दोन तास गेले. जुना डबा हलवला तर आत खुळखुळ्यासारखा आवाज येत होता. नळी साफ करताना पहिलं फडकं काळं, दुसरं करडं, पाचवं पांढरं. सगळं जोडून व्हेंट बंद, पर्ज शून्य, तीच चाचणी परत घेतली. दाब पाच मिनिटं शून्याजवळच राहिला. आयडलवर ट्रिम अधिक २.

कोड पुसले आणि टाकी निम्मी ठेवून रोजच्यासारखी चालवली. इव्हॅपची स्वतपासणी गच्च भरलेल्या किंवा तळाला गेलेल्या टाकीवर होत नाही, साधारण १५ ते ८५ टक्क्यांत आणि रात्रभर थंड झाल्यावर होते, हे मिशिगनवारींनी निरोपातून सांगितलं होतं. पाचव्या सकाळी सगळ्या स्वतपासण्या पुऱ्या. गुरुवारी टेस्ट पास.

आणि मूळ प्रश्नाचं: काल पंपावर गेलो. ५३ डॉलर ४१ सेंटवर नॉझल टक् झालं. तिथेच काढलं, झाकण लावलं. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात उठला.

गॅरेजवाले_नाना (सांगली)

शाब्बास. ते दाणे एका बाटलीत भरून ठेवा, पुढच्या गणपतीला मंडळाच्या पोरांना दाखवायला.

दहाचाकी_कोल्हापूर

मेव्हण्याच्या पेट्रोल गाडीला हीच खोड आहे, पंपावर दर वेळी ढकलायला मीच असतो. उद्या सकाळी इंजिन थंड असताना कपलर काढून बोट लावतो. ओढ लागली की नाही ते इथंच येऊन लिहितो.